टोलनाक्यावरची रांग आणि तुझी पीएचडी

पत्र थोडक्यात असं: "मॅडम, मी ३६ वर्षांची, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर. पीएचडी नेटवर्क सिम्युलेशनमध्ये, म्हणजे नेटवर्क कॉम्प्युटरमध्येच नकली चालवून बघायचं; एनएस-टू या सॉफ्टवेअरवर राउटिंग प्रोटोकॉलची (संदेश कुठल्या वाटेने न्यायचा त्याच्या नियमांची) तुलना. आता डिपार्टमेंटचं नाव एआय अँड डेटा सायन्स झालंय आणि एचओडी म्हणतात सिम्युलेशन आता कोण करतं, डीप लर्निंगकडे वळा नाहीतर मागे पडाल. शेवटचे तीन पेपर परत आले, एका रिव्ह्यूअरने लिहिलं की हे मॉडेल प्रत्यक्षातल्या कशाशी जुळतं ते लेखकांनी कुठेच दाखवलेलं नाही. नवरा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो सोड ते कॉलेज आणि डेटा सायंटिस्ट हो. माझी आठ वर्षं फुकट गेली का? या विषयात करिअर उरलंय का? उत्तर लवकर द्या, सध्या अटेंडन्सच्या भानगडीत अडकलेय, जुलै उजाडला तरी निम्मी पोरं पहिल्या लेक्चरला नसतात, स्टँडवर एसटीच्या पासच्या रांगेत असतात."

अगं, पहिल्यांदा अगं-तुगं करते त्याबद्दल रागवू नकोस, माझ्या शेवटच्या बॅचच्या मुली आता तुझ्याच वयाच्या असतील आणि मला तुम्ही-आम्ही करत सल्ला देताच येत नाही, मग तो नोटीस बोर्डावरच्या परिपत्रकासारखा व्हायला लागतो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सकाळी चहासोबत वाचलं तेव्हा तुझ्या एचओडींचा राग आला. संध्याकाळी परत वाचलं तेव्हा त्या रिव्ह्यूअरच्या वाक्यापाशी अडकले. तू ते तक्रार म्हणून लिहिलंयस, पण मला विचारशील तर अख्ख्या पत्रात कामाची वाक्यं दोनच, त्यातलं हे एक. दुसरं कुठलं ते नंतर सांगते.

तुझा थिसिस मी वाचलेला नाही तरी त्यात काय असेल ते सांगू? हजार बाय हजार मीटरचा चौकोन, ५० नोड (म्हणजे फिरते कॉम्प्युटर), रँडम वेपॉइंट (प्रत्येकाने वाट्टेल ते ठिकाण आणि वेग निवडून जायचं, थांबायचं, परत निवडायचं), वेग ० ते २० मीटर प्रति सेकंद, एओडीव्ही विरुद्ध डीएसआर हे दोन प्रोटोकॉल, पॉज टाइम म्हणजे मधला थांबा बदलत नेलाय आणि पॅकेट डिलिव्हरी रेशोचे, म्हणजे किती संदेश पोचले त्याचे, ग्राफ. बरोबर ना? अगं असे कितीतरी थिसिस मी तपासलेत, सह्या केल्यात, एक्स्टर्नल म्हणून जाऊन श्रीखंड-पुरीची जेवणं पण जेवलेय, त्यामुळे मी काही धुतल्या तांदळाची नाही. पण त्या ० ते २० मध्ये काय गंमत आहे माहितीये का? मिशिगन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २००३ मध्ये दाखवून दिलं की या मॉडेलमध्ये नोडांचा सरासरी वेग कधी स्थिर होतच नाही, घसरतच जातो. कारण एकदम साधं आहे. ज्या नोडच्या वाट्याला ०.०१ वगैरे वेग आला तो बिचारा पुढच्या ठिकाणी पोचेपर्यंत तसाच सरपटत राहतो, तासनतास, आणि जोरात पळणारे भराभर पोचून परत नवा वेग उचलतात, त्यात कधी ना कधी त्यांच्याही नशिबी गोगलगाय येतेच. म्हणजे सुरुवातीला सरासरी १० आणि जसजसा वेळ जाईल तसतसं सगळं गाव झोपायला लागतं. तू ९०० सेकंद चालवलंस की ३०० यावर तुझं उत्तर बदलतं, आणि आपण म्हणतो अमुक प्रोटोकॉल सरस.

एकट्या तुझी गोष्ट नाही ही. मोबीहॉक नावाची या विषयातली नावाजलेली परिषद, तिथले २००० ते २००५ चे पेपर तिघाजणांनी बसून तपासले. १५१ पैकी ११४ मध्ये सिम्युलेशन होतं, आणि त्यातले परत करून बघता येतील असे पेपर १५ टक्क्यांहूनही कमी निघाले. कोणी सिम्युलेटरची व्हर्जन लिहिलेली नाही, कोणी किती रन घेतले ते लिहिलेलं नाही. आणि ही जगातली वरची परिषद हां, आपल्याकडच्या हॉटेलातल्या इंटरनॅशनल कॉन्फरन्सा नव्हेत.

तर आठ वर्षं फुकट गेली का? नाही. पण तू आठ वर्षं ज्याचं सिम्युलेशन केलंस ते तू कधी डोळ्यांनी पाहिलेलंच नाहीस. ५० लोक लॅपटॉप घेऊन रिकाम्या मैदानात वाट्टेल तसे धावतायत असं मी तरी कुठे बघितलेलं नाही. तुझा विषय मेलेला नाही, त्याला बघायला काही दिलेलंच नाहीये आपण.

आता जरा इकडची गोष्ट सोडून नॉर्वेला जाऊ, कारण तू सेकंड इअरला ओओपी, म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग, शिकवत असशीलच (कोणाला तरी शिकवावंच लागतं, आणि ज्युनिअर माणसाच्याच गळ्यात पडतं). व्हायव्हात आपण विचारतो, व्हॉट इज क्लास, व्हॉट इज इनहेरिटन्स, आणि पोरगं डोळे मिटून म्हणतं, ॲनिमल आणि डॉग, म्हणजे प्राण्याचे गुण कुत्र्याला आपोआप मिळतात. हे कुठून आलं ते मात्र कोणी सांगत नाही. क्रिस्टन नीगार्ड नावाचा माणूस १९४८ मध्ये नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत लागला, अणुभट्टीची आकडेमोड करायची होती तिथे त्यांनी माँटे कार्लो वापरलं, म्हणजे फासे टाकून टाकून अंदाज काढायचा, मग तो ऑपरेशन्स रिसर्चमध्ये शिरला आणि त्याच्या लक्षात आलं की अडचण गणिताची नाहीच, कारखाना किंवा बंदर किंवा रांग कशी चालते ते मांडून दाखवायला भाषाच नाहीये. १९६० मध्ये तो ऑस्लोतल्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरला गेला, आणि जोडीला ओले-योहान डाल, हा प्रोग्रामिंगचा राक्षस. दोघांनी मिळून सिम्युला ही भाषा केली, पहिली १९६५ च्या सुरुवातीला चालू झाली.

आणि दुसरी, सिम्युला ६७, तिची कहाणी तर तू उद्या वर्गात सांगच. ते दोघं एका पुलावरच्या टोलनाक्याचं उदाहरण घेऊन डोकं फोडत होते. नाक्यासमोर गाड्यांची रांग, त्यात ट्रक पण आहेत आणि बस पण. ट्रकचं वेगळं, बसचं वेगळं, पण रांगेत उभं राहायचं ते दोघांनाही सारखंच. मग रांगेत उभं राहण्याचा भाग एकदाच लिहायचा आणि ट्रक-बस दोघांच्या आधी जोडायचा, हे सुचलं, आणि तुझं इनहेरिटन्स जन्माला आलं. टोलनाक्यावर! ॲनिमल-डॉग नव्हे. आपली पोरं खेड शिवापूरच्या नाक्यावर तासभर खोळंबून येतात आणि वर्गात त्यांना आपण कुत्रं शिकवतो.

पुढे डेन्मार्कमधला एक विद्यार्थी आरहूसला सिम्युला शिकला आणि केंब्रिजला पीएचडीला गेला, तिथे त्याने आपला सिम्युलेटर सिम्युलात लिहिला. लिहायला मस्त, पण चालवायला इतका हळू की बिचाऱ्याला तो सगळा बीसीपीएल या साध्या पण वेगवान भाषेत परत लिहावा लागला, आणि तो अनुभव इतका कडू होता की बेल लॅब्जमध्ये लागल्यावर १९७९ मध्ये त्याने सी भाषेला सिम्युलासारखे क्लास चिकटवायला घेतले. तो ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप, आणि ती सी प्लस प्लस. डाल १९६८ पासून ऑस्लो युनिव्हर्सिटीत प्रोफेसर, नीगार्ड पण पुढे तिथेच आला. आणि नीगार्डचं मला सगळ्यात काय आवडतं सांगू, १९७० च्या दशकात तो लोखंड-धातू कामगारांच्या युनियनबरोबर काम करायला लागला, म्हणजे कारखान्यात हा कॉम्प्युटर येणार तर त्याने आमचं काय होणार ते कामगारालाच कळलं पाहिजे म्हणून. दोघांना मिळून २००१ चं ट्युरिंग अवॉर्ड, कॉम्प्युटरवाल्यांचं नोबेलच म्हण. २००२ च्या उन्हाळ्यात दीड महिन्याच्या अंतराने दोघंही गेले. तेव्हा सिम्युलेशन कोण करतं असं पुढच्या वेळी कोणी विचारलं तर म्हण, सर, तुमच्या जावाच्या लॅबमध्ये रोज तेच चालतं, ते क्लास तिथूनच आलेत.

माझं स्वतःचं सांगते, कारण नीगार्ड-डाल फार लांब राहिले. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी तुझ्याएवढीच होते. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या हॉस्पिटलात ओपीडीला केसपेपर काढायची एकच खिडकी आणि सकाळी ही एवढी रांग. मी आणि दोन एमईची पोरं, आम्ही मॉडेल केलं. येणारी माणसं पॉयसन (एकेकटी, केव्हाही), खिडकीचा वेळ एक्स्पोनेन्शियल (बहुतेकांचा थोडा, एखाद्याचा खूप), पुस्तकात असतं तसं. माणसं किती येतात? तर महिन्याचे केसपेपर भागिले दिवस भागिले तास. तिथे जाऊन उभं राहिलो ते एकदाच, फोटोपुरतं. रिपोर्ट साठ पानी, रंगीत ग्राफ (तेव्हा रंगीत प्रिंटची अपूर्वाई होती), निष्कर्ष असा की दुसरी खिडकी उघडा, वाट बघायचा वेळ निम्म्याहून खाली येईल. आणि नवल म्हणजे त्यांनी खरंच उघडली! दोन महिन्यांनी मी मोठ्या ऐटीत बघायला गेले तर रांग तशीच, व्हरांड्यातून बाहेर पार चिंचेपर्यंत.

मी तिथल्या शिपायाला विचारलं, असं कसं? तो म्हणाला, "मॅडम, सात-चाळीसची गाडी आली की चाळीस माणसं एकदम उतरतात, मग आठची, मग सव्वाआठची. साडेआठला सगळी गर्दी आलेली असते. तुमची दुसरी खिडकी तर बाई आल्या की उघडते, त्या येतात साडेनऊला."

बास. साठ पानं एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला. माणसं एकेक करून येत नव्हती, एसटीने येत होती, गठ्ठ्याने. मला टाइमटेबल आगाराच्या भिंतीवर फुकट मिळालं असतं. तो रिपोर्ट अजून कपाटात आहे, मुद्दाम ठेवलाय, जास्त शहाणपणा सुचायला लागला की काढून बघते.

त्यानंतर मी एकच नियम पाळला, मॉडेल लिहिण्याआधी तीन दिवस तिथे जाऊन उभं राहायचं, हातात घड्याळ आणि वही, लॅपटॉप नाही. पुढची पंचवीस वर्षं माझं जे काही करिअर झालं ते त्या वहीवर झालं. फार मोठं नाही झालं, परदेशात कीनोट वगैरे नाही दिली, पण माझ्या मॉडेलमुळे दोन ठिकाणची रांग खरोखर कमी झाली आणि एका ठिकाणी नवं मशीन घ्यायचा खर्च वाचला, आणि त्या कारखान्याचा मॅनेजर अजून दिवाळीला फराळ पाठवतो.

तू म्हणशील मॅडम, तुमचा काळ वेगळा होता. बरं, मग आत्ताचं बघ. २०२० मध्ये मुंबईचं काय झालं ते आठवतंय ना, लोकल बंद, ऑफिसं बंद, आणि परत उघडायची कधी नि कशी ते कोणालाच सांगता येईना. तेव्हा मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत असलेले संदीप जुनेजा आणि बंगलोरच्या आयआयएस्सीतले राजेश सुंदरेसन, यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अख्खं शहर कॉम्प्युटरमध्ये उभं केलं. एकेक माणूस, त्याचं घर, शाळा, कामाची जागा, आणि लोकलचा प्रवास पण. जुनेजांचं त्याआधीचं काम काय होतं? तर दुर्मिळ घटनांचं सिम्युलेशन. म्हणजे एखादी गोष्ट कोटीत एकदा घडते, ती बघायला साधं सिम्युलेशन कोट्यवधी वेळा चालवत बसावं लागेल, मग काय करायचं, तर फासा मुद्दाम वाकडा करायचा, म्हणजे ती गोष्ट वरचेवर घडेल, आणि शेवटी हिशेबात तो वाकडेपणा काढून टाकायचा. बाहेरच्या माणसाला वाटेल हे कसले खेळ. पण असली बैठक पक्की असलेला माणूसच ऐनवेळी शहर उभं करू शकतो, महिनाभर आधी पायथन शिकलेला नाही करू शकत.

आणि त्यांच्या मॉडेलमध्ये झोपडपट्टी वेगळी आणि बिल्डिंगी वेगळ्या धरलेल्या होत्या. ते का महत्त्वाचं, तर जुलै २०२० मध्ये मुंबईत तीन वॉर्डांत रक्त तपासून बघितलं तेव्हा झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली आणि बाहेर १६ टक्के. एकच शहर, एकच वॉर्ड, आणि आकडे दोन गावांचे. ज्याने मुंबई सरासरीने धरली त्याचं मॉडेल तिथेच झोपलं, माझ्या केसपेपरसारखं. त्यातून पुढे त्यांनी एक सुंदर प्रश्न काढला, की कोटीभर माणसांचं शहर चालवायला वेळ लागतो, तर छोटं शहर चालवून मोठ्याचं उत्तर काढता येईल का, आणि कधी येईल. बघ, प्रत्यक्षातल्या खाजेतून थिअरी निघाली. तुला ही उलटी दिशा शिकवलीच नाही कोणी, आम्ही पण नाही शिकवली.

आता एचओडींचं. ते पूर्ण चुकीचे नाहीत. ॲडमिशन त्या नावावर होतात, तुमचे पगार त्यावर होतात, तेव्हा त्यांच्याशी भांडू नकोस. पण डीप लर्निंगकडे "वळण्याचा" अर्थ जर असा असेल की इंटरनेटवरून डेटासेट उतरवायचा, कोणाचं तरी मॉडेल लावायचं आणि ९७ ऐवजी ९७.८ टक्के ॲक्युरसी आली म्हणून पेपर करायचा, तर बाई, ते एओडीव्ही-डीएसआरचंच धाकटं भावंड आहे. तू एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात. आणि तिथे गर्दी दसपट.

एक फरक डोक्यात पक्का ठेव. मशीन लर्निंग जे घडून गेलंय त्यावरून शिकतं. दुसरी खिडकी उघडली तर काय होईल याचा डेटा कुठेच नाही, कारण ती उघडलेलीच नाही, तिथे सिम्युलेशनच लागतं. आणि एआयवाल्यांना हे तुझ्या एचओडींपेक्षा चांगलं कळतं. मुजोको नावाचा सिम्युलेटर आहे, यंत्राचे सांधे, धक्के, घर्षण वगैरेचा, वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या एका प्रोफेसरने केलेला, तो २०२१ मध्ये गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीने चक्क विकत घेतला आणि २०२२ मध्ये सगळ्यांना मोकळा केला. का? तर रोबोला चालायला शिकवताना लाखो वेळा पाडायला लागतं, आणि खरा रोबो लाखो वेळा पाडला तर बिल कोण भरणार. तेव्हा दोन्ही शीक, जरूर शीक, मी नाही म्हणत नाहीये. सिम्युलेशन फार हळू चालत असेल तर त्याच्या निकालांवर एक छोटं मॉडेल शिकवून झटपट अंदाज घेता येतो, हे छान काम आहे आणि एचओडींना आवडेल असं नावही देता येतं त्याला. डिजिटल ट्विन म्हण, म्हणजे खऱ्याचं कॉम्प्युटरातलं जुळं. नावाला काय, आमच्या काळी त्याला कंप्युटर-एडेड म्हणायचे.

नवऱ्याचं म्हणणं पैशाच्या बाबतीत बरोबर आहे, त्यात मी काही बोलणार नाही, तुझं घर तू जाणतेस. एवढंच की जायचंच असेल तर डेटा सायंटिस्ट म्हणून हजारात एक होऊन जाण्याआधी बघ की पुण्यात गाड्यांच्या कंपन्या, कारखान्यांचे लेआउट करणारे, गोदामं-लॉजिस्टिकवाले, यांना रांग समजणारी माणसं लागतात आणि ती सहज मिळत नाहीत. टीसीएसच्या संशोधनवाल्यांनी करोनात पुण्याचंच असं जुळं शहर केलं होतं. पण तिथेही इंटरव्ह्यूला विचारणार, कशाचं मॉडेल केलं होतं आणि ते खरं निघालं का. म्हणजे परत त्याच रिव्ह्यूअरपाशी येतो आपण.

तर आता ते दुसरं वाक्य. तुझ्या पत्राच्या अगदी शेवटी, वैतागून लिहिलेलं: निम्मी पोरं स्टँडवर पासच्या रांगेत असतात. अगं बाई! तुझ्या अटेंडन्सच्या रजिस्टरात तुझा पेपर पडलाय आणि तू माझ्याकडे करिअर मागतेस.

तुझ्याकडे काय काय आहे बघ. एक खिडकी, कदाचित दोन. गठ्ठ्याने येणारी पोरं, कारण ती पण गाडीनेच येतात. फॉर्म अर्धवट भरलेला, फोटो विसरलेला, बोनाफाइड नाही म्हणून परत पाठवलेला, म्हणजे परत येणारी गिऱ्हाईकं, पुस्तकात याच्यावर अख्खं प्रकरण असतं. महिन्याच्या सुरुवातीला गर्दी, नंतर ओसाड. आणि परिणाम मोजायला तुझं स्वतःचं रजिस्टर. परवानगी कोणाची लागेल? स्टँडवर कंट्रोलर असतात, त्यांना भेट, आधी चहा, मग विषय. खिडकीवरच्या माणसाला सांग की तुमची तक्रार करायची नाहीये, तुमचं काम मोजायचंय, कारण घड्याळ दिसलं की माणूस एकतर घाबरतो नाहीतर जास्त भरभर काम करतो, दोन्हीत तुझे आकडे बिघडतात. पहिल्या दिवसाचे आकडे मी तर फेकूनच देते.

कोड सिमपायमध्ये (पायथनची सिम्युलेशनची लायब्ररी) लिही, दोनशे ओळींच्या वर जाणार नाही. पण खरी रांग घालायच्या आधी त्यात पुस्तकातली रांग घाल, पॉयसन, एक्स्पोनेन्शियल, एक खिडकी. खिडकी ८० टक्के वेळ कामात असेल तर खिडकीवरचा धरून सरासरी ४ माणसं दिसली पाहिजेत, ९० टक्क्यांना ९, ९५ ला १९. नाही आली तर कोड चुकलाय, पुढे जाऊ नकोस. (९५ ला आकडा स्थिर व्हायला फार वेळ लागतो, घाबरू नकोस, चालू दे रात्रभर. पोरांना हे दाखव, ८० वरून ९५ ला जाताना रांग जवळपास पाचपट होते हे पाहून ती गप्प होतात.) मग लिटलचा नियम, १९६१ चा, अजून कोणाला चकवता आलेला नाही: तासाला ६० पोरं येतात आणि प्रत्येकाला येण्यापासून निघेपर्यंत सरासरी २० मिनिटं लागतात तर रांगेत सरासरी २० जण असणारच. वहीतले आकडे यात बसत नसतील तर वही चुकलीय, बहुतेक मधली दोन पोरं चहाला गेलेली असतात आणि बॅग रांगेत उभी असते, ती बॅग मोजायची की नाही ते आधी ठरव. मी हसत नाहीये, हा खरा प्रश्न आहे.

सीड, म्हणजे रँडम आकडे जिथून सुरू होतात तो आकडा, लिहून ठेव. पायथनची व्हर्जन लिहून ठेव. निदान तीस रन घे, वेगवेगळ्या सीडवर, आणि ग्राफवर नुसती रेष नको, वर-खाली किती हलते ते पण दाखव. सुरुवातीचा रिकामा वेळ कापायचा का, यावर नेहमीचं उत्तर "हो" असतं, पण तुझी खिडकी रोज सकाळी खरंच रिकामी उघडते, तेव्हा तुला कापायचा नाहीये, आणि का कापला नाही ते पेपरमध्ये एका ओळीत लिही, रिव्ह्यूअर खूश होईल. मॉडेल पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवर बसव आणि तिसऱ्या आठवड्याची रांग त्याला ओळखायला लाव. चुकलं तर चुकलं म्हणून छाप.

यातून लगेच मोठा जर्नल पेपर होईल असं मी म्हणणार नाही. एक कॉन्फरन्स पेपर होईल, दोन बीईचे प्रोजेक्ट होतील जे गिटहबवरून उतरवलेले नसतील, आणि पुढच्या वेळी तुला कोणी विचारलं की कशाशी जुळतं, तर तुझ्याकडे वही असेल. त्यानंतर ट्रॅफिककडे जायचं असेल तर सुमो हे सॉफ्टवेअर आहे, जर्मनीच्या डीएलआर या संशोधन संस्थेचं, फुकट, पण ते लेन पाळणाऱ्या लोकांसाठी लिहिलंय, आपल्याकडे लेन नुसती रंगवलेली असते आणि दोन रिक्षांच्या मधल्या फटीत तिसरी टू-व्हीलर असते, त्यावर आयआयटी मुंबईत काम झालंय ते वाच. आणि विंटर सिम्युलेशन कॉन्फरन्सचे जुने पेपर ऑनलाइन फुकट मिळतात, तिथले शिकवण्यासाठी लिहिलेले ट्युटोरियल पेपर आधी वाच, मला ते वाचायला लायब्ररीत चिठ्ठी देऊन सहा महिने थांबावं लागायचं.

एचओडींना आत्ता काही सांगू नकोस. पहिल्या लेक्चरची अटेंडन्स का पडते यावर काम करतेय म्हण, ते स्वतः गाडीची सोय करून देतील.

पाससाठी पुढची गर्दी एक तारखेच्या आसपास असेल, म्हणजे तुझ्याकडे दहा-बारा दिवस आहेत. साडेसातला पोच, पहिल्या गाडीच्या आधी. साधं घड्याळ घे, मोबाइल नको, मोबाइल काढलास की व्हॉट्सॲप बघशील. आल्याची वेळ, खिडकीशी पोचल्याची वेळ, निघाल्याची वेळ, आणि चौथ्या रकान्यात परत पाठवलं असेल तर कशासाठी. पहिल्या दिवशीच्या पानाचा फोटो मला पाठव, अक्षर कसंही असो. आणि छत्री ने, या दिवसांत स्टँडची छपरं हमखास गळतात आणि पेनाची शाई फुटते, पेन्सिलच बरी.